कापड कुठं संपतंय ते बघा

‘मापाचं ब्लाऊज’ म्हणून पिशवीतून जे बाहेर निघतं, त्यावरून मला बाईच्या मागच्या दहा वर्षांची कहाणी कळते. काखेत तीनदा उसवलेलं, दोन्ही बाजूंची माया, म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जास्तीचं कापड, संपलेली, हुकांची रांग एकदा आत आणि एकदा बाहेर सरकवलेली. ते माझ्यापुढं टाकून वैनी म्हणतात, “अगदी अस्संच शिवा, फक्त हे बसत नाही तेवढं बघा.”

मी सांगलीत घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते, 27 वर्षं झाली. ब्लाऊज जास्त, त्याखालोखाल कुर्ते. इतक्या वर्षांत माझ्यापुढं हात वर करून उभ्या राहिलेल्या निम्म्या बायकांनी पट्टी अंगाला लागायच्या आधीच माफी मागितली आहे. “पोट जरा सुटलंय हं.” “माझे दंड बघू नका.” ज्या बारीक असतात त्या म्हणतात, “माझ्या अंगावर काही शोभतच नाही, हँगरवर अडकवल्यासारखं दिसतं.” मला वाईट वाटतं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येतो. अंगात खोट नसते. बाहीची कड एक इंच चुकीच्या जागी असते.

हल्लीच्या मुली मोबाईलवर बघून येतात, “मी पेअर शेप आहे, त्या हिशेबानं शिवा.” अंगाच्या ठेवणीला दिलेली ही फळांची नावं चुकीची नाहीत, पण टेबलावर कापड पसरलं की ती पुरत नाहीत. छाती भारी, खांदे उतरते आणि पाय काटक, अशी बाई कुठल्या फळात बसवायची? माझा हिशेब साधा आहे. कापड जिथं संपतं तिथं नजर थांबते. बाहीची कड, गळ्याची कड, कुर्त्याचा खालचा दुमड, साडीचा काठ, या सगळ्या अंगावर ओढलेल्या रेघा आहेत. रेघ अंगाच्या रुंद जागेवर आली की ती जागा आणखी रुंद दिसते. तीच रेघ चार बोटं वर किंवा खाली सरकली की तिकडं कुणाचं लक्षही जात नाही.

आधी माप, मग मत

माप घेताना आतले कपडे तेच घाला जे त्या कपड्याखाली घालणार आहात. हे लाजून कुणी सांगत नाही, म्हणून मी स्पष्ट सांगते. सैल पडलेल्या ब्रावर माप दिलं आणि कार्यक्रमाला नवी घातली, तर छातीचा उंचवटा पाऊण-एक इंच वर जातो आणि टक्स (उठावासाठी कापडाला घातलेल्या टोकदार चिमट्या) भलत्याच जागी दिसतात. मग “शिवणाऱ्या बाईनं घोळ घातला.”

पट्टी स्वतःची स्वतः धरू नका, दुसऱ्या कुणाला धरायला सांगा. श्वास ओढून उभं राहू नका. चार मापं लिहून ठेवा: खांद्याच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत पाठीवरून, छाती सर्वांत भरलेली असेल तिथं, कंबर (एका बाजूला वाकलात की जिथं घडी पडते ती कंबर, परकराची नाडी बांधता ती नव्हे), आणि सीट, म्हणजे नितंब, सर्वांत रुंद असेल तिथं. पाचवं माप ब्लाऊजसाठी: खांद्यावर गळ्याजवळून छातीच्या उंचवट्यापर्यंत. 36 छातीच्या बाईचं ते साधारण साडेनऊ-दहा इंच भरतं, पण वय आणि बाळंतपणं यांनी उंचवटा एखादा इंच सहज खाली उतरतो. विशीतलं मापाचं ब्लाऊज पन्नाशीत का चालत नाही, त्याचं उत्तर या एका इंचात आहे. छाती तेवढीच असते, जागा बदललेली असते.

मग आरशापुढं अंगाबरोबर बसणारा टीशर्ट घालून उभ्या राहा. किती जाड ते बघायचं नाही. दोनच गोष्टी बघायच्या: सर्वांत रुंद जागा कोणती, आणि धड लांब की पाय लांब. दुसरी गोष्ट कुणीच बघत नाही. माझ्या दोन जावा उंचीनं सारख्या, पाच फूट दोन इंच. जेवायला पंगतीत बसल्या की मोठी जाऊ धाकटीपेक्षा चांगली चार बोटं उंच दिसते, कारण तिचं धड लांब आणि पाय आखूड. धाकटीला 42 इंची कुर्ता सुरेख दिसतो. तोच मोठीनं घातला की पाय कुठं गेले असं होतं.

ब्लाऊज

इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पाच हजारांच्या साडीची शोभा पाऊण मीटर कापडावर ठरते.

पहिला प्रश्न कटोरी, प्रिन्सेस की साधे टक्स. छाती भारी असेल तर कटोरी किंवा प्रिन्सेस. कटोरीत तुकडे जोडून वाटीसारखा आकार तयार होतो, त्यामुळं उठाव आणि आधार दोन्ही मिळतात. पण जोड समोर दिसतो आणि कापडावरची नक्षी मध्येच तुटते. खणाचं कापड घेऊन येणाऱ्या बायकांना मी म्हणूनच बारीक बुट्टीचा खण घ्यायला सांगते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण मुळात ताठ असतो, ओढून बसत नाही. त्यात मोठी नक्षी आणि कटोरी एकत्र आली की छातीवर अर्धी-अर्धी फुलं उगवतात. प्रिन्सेसची शिवण मुंढ्यातून (बाही जोडतात त्या गोलाईतून) किंवा खांद्यातून सरळ खाली उतरते. ती उभी रेघ असते, म्हणून रुंद पाठीच्या आणि भरलेल्या अंगाच्या बाईला ती बारीक दाखवते. छाती लहान असेल तर कटोरीचा हट्ट धरू नका. वाटी रिकामी राहते आणि टोकाला चुण्या पडतात. साधे टक्स, आतून पातळ पॅड आणि गळ्याशी थोडं काम केलं की पुरतं.

गळा. मान आखूड आणि खांदे भरलेले असतील तर बंद गळा, कॉलर, बोट नेक यांच्या वाटेला जाऊ नका. समोर सहा-साडेसहा इंच खोल व्ही किंवा लांबट पानगळा घ्या, मान एकदम सुटी होते. उलट मान लांब, गळ्याची हाडं वर आलेली आणि खांदे अरुंद असतील तर बोट नेक तुमच्यासाठीच आहे. तो खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवी रेघ ओढतो आणि अरुंद खांदा रुंद करतो. म्हणजे कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेल्या मुलीला तो द्यायचा नाही. मी सुरुवातीच्या दिवसांत दिला होता. साखरपुड्याचे फोटो बघून तिची आई काही बोलली नाही, पण लग्नाची ब्लाऊजं दुसरीकडं गेली.

उतरत्या खांद्यांचं दुखणं वेगळं. माझेच तसे आहेत. पाठीचा गळा दहा इंच खोल घेतला की ब्लाऊज खांद्यावरून घसरतं आणि दिवसभर एक हात खांद्यावर. अशा वेळी पुढचा किंवा मागचा, एकच गळा खोल ठेवायचा. दोन्ही खोल हवे असतील तर पाठीवर नाडी पाहिजेच, आणि ती शोभेला लटकनापुरती नको, खांदे खरोखर ओढून धरील अशी वर लावलेली हवी. खांद्यावर कापड निदान अडीच इंच ठेवा.

बाहीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. दंड जाड म्हणून बाही घट्ट करून घेणं हा सगळ्यात वाईट उपाय. घट्ट बाहीच्या खाली मांस फुगतं आणि दंड दीडपट दिसतो. दंडघेराला निदान एक इंच सैल ठेवा. आणि लांबी बघा. पाच-सहा इंची बाही बरोबर दंडाच्या सर्वांत जाड भागावर संपते, शिवाय ती छातीच्या रेषेत येते, त्यामुळं एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत एकच रुंद पट्टा दिसतो. बाही कोपराच्या जरा वर, दहा इंचांपर्यंत न्या, किंवा सरळ कोपराखाली. पैठणीच्या ब्लाऊजपीसचा रुंद काठ बाहीला लावायचा असेल तर हे दुप्पट लागू, कारण जरीचा काठ म्हणजे ठळक अधोरेखित ओळ. हात काडीसारखे असतील तर मात्र तोच काठ, तीच आखूड बाही, हवं तर फुगाही. तुम्हाला सगळं माफ.

ब्लाऊजच्या लांबीत तेरा-साडेतेरा इंचांवर अडकून बसलेल्या बायका फार. पोटाची घडी जिथं सुरू होते तिथंच ब्लाऊजची कड आली तर घडी वर ढकलली जाते. एक इंच लांब घ्या, चौदा-साडेचौदा करा, आणि खालची पट्टी काचणार नाही एवढी सैल ठेवा.

आणि माया. लग्नाच्या ब्लाऊजला दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडायला सांगा, लाजू नका. एका नवरीनं दोन महिने आधी बस्ता बांधून माझ्याकडं ब्लाऊज टाकलं. मी वेळेत दिलं. पुढं केळवणांची रांग लागली आणि हळदीच्या आदल्या रात्री ब्लाऊज मुंढ्यात अडकलं. रात्री अकरा वाजता टीप उसवली, माया होती म्हणून अर्ध्या तासात काम झालं. तयार ब्लाऊजमध्ये बहुधा पाव-अर्धा इंचच माया असते, तिथं मी काय करणार?

कुर्ता

आमच्याकडं एक निवृत्त शिक्षिका येतात. उंची चार फूट अकरा, अंगानं भरलेल्या. वर्षानुवर्षं लांब आणि ढगळ कुर्ते घालायच्या, “झाकलेलं बरं.” एकदा नव्या तयार कुर्त्याच्या बाह्या कमी करायला आल्या होत्या. मी म्हटलं, “बाई, बाह्या राहू देत, जरा उभ्या राहा.” कुर्ता 41 इंची होता, बरोबर पोटरीच्या गरगरीत भागावर संपत होता. मी खाली बसून चार इंच आत दुमडले आणि टाचण्या लावल्या. कड गुडघ्याच्या दोन बोटं खाली आली. मग बाजूंनी धरून बघितलं, तर छातीखाली दोन्हीकडून मूठभर कापड जास्त होतं. तेवढंच घेतलं, पोटावर हात लावला नाही. आरशात बघून त्या म्हणाल्या, “हा दुसरा कुर्ता आहे का?” कापलेल्या चार इंची पट्टीतून त्यांनी नातीच्या बाहुलीला परकर करून घेतला.

त्यांच्यासाठी केलं तेच तुम्हीही करू शकता. कुर्ता घाला, कुणाला तरी खाली बसवून टाचण्यांनी कड वर-खाली करायला सांगा आणि प्रत्येक इंचाला फोटो काढा. आरसा खोटं बोलत नसेल, पण आपण आरशापुढं पोट आत घेतो.

पोट असेल तर कुर्त्याला कंबर दाखवायचा मोह टाळा. बेल्ट, कंबरेत चुण्या, पोटावरून जाणारी आडवी शिवण, काही नको. अंगाबरोबर बसायचं ते छातीखालच्या अरुंद जागेपर्यंत, तिथून कापड हळूहळू सुटत जायला हवं. कळ्यांचा कुर्ता चालेल, पण कळ्या बारा-सोळा घालून घागरा करू नका, सहा-आठ पुष्कळ.

सीट रुंद आणि वरचं अंग बारीक, ही आपल्याकडची फार नेहमीची ठेवण. इथं बाजूचा कट कुठून सुरू होतो ते महत्त्वाचं. कट सीटच्या खाली सुरू झाला तर कुर्ता सीटवर ताणतो, आडव्या सुरकुत्या पडतात आणि बसताना शिवण फाटते. तो सीटच्या रुंद जागेच्या तीन-चार बोटं वर सुरू करा म्हणजे कापड मोकळं पडतं. खाली लेगिंग्जऐवजी सरळ पँट घ्या. भरतकाम, छपाई, फिका रंग, जे काही लक्ष वेधतं ते सगळं गळ्याशी आणि खांद्यांवर, खालचं साधं आणि गडद.

वरून खालपर्यंत सरळ, कुठंच फारसा चढउतार नाही, अशा बारीक मुलींनी ढगळ कुर्त्यात बुडून जाऊ नये. तुम्हाला आडव्या शिवणी, जोड, खिसे, जाकीट, कंबरेच्या चुण्या, ताठ कापड सगळं चालतं. तुमच्याकडं बघून आम्हाला शिवायची मजा येते.

ठेंगण्यांसाठी एकच: वर-खाली एका रंगाच्या छटा आणि ओढणी एका खांद्यावरून सरळ सोडलेली. दोन्ही खांद्यांवरून छातीवर यू पाडून घेतलेली ओढणी उंची खाते.

आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतं, हे मीही वीस वर्षं सांगत आले. माझी लेक मानसशास्त्र शिकायला लागली आणि तिनं मला वहीत दोन सारखे चौकोन काढून दाखवले, एकात आडव्या रेघा, एकात उभ्या. आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद दिसत होता! हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच हे लिहून ठेवलंय म्हणे. तेव्हापासून बारीक आडव्या रेघांच्या कापडाला मी नाही म्हणत नाही. माझ्या अनुभवात नुकसान करते ती एकटी रेघ. गडद कुर्त्यावर पोटावरून गेलेली एकच पांढरी पट्टी.

साडी

साडीत कड आपण स्वतः ठरवत नाही, विणणारा ठरवतो. म्हणून दुकानात काठ बघून घ्या. पाच फुटांच्या आतल्या बाईनं आठ इंची काठ नेसला तर पायाकडचा मोठा भाग वेगळ्या रंगाचा होतो आणि तेवढी उंची कापली जाते. दोन-तीन इंची काठ, किंवा काठ आणि अंगाचा रंग एकमेकांच्या जवळचा. इरकल घेताना काठ अरुंद निवडला तर ठेंगणीलाही छान दिसते, त्या चौकड्या बारीक असतात आणि पदराचा लाल-पांढरा पट्टा मागं जातो.

पोत हाताला घेऊन बघा. साडीचं टोक मुठीत धरून खाली सोडा. सरळ खाली पडलं तर जॉर्जेट, क्रेप, मऊ रेशीम किंवा मलमलसारखं, भरलेल्या अंगाला बरं. हातापासून फुगून लांब उभं राहिलं तर ऑर्गेंझा, कोटा किंवा खळ दिलेलं सुती, बारीक अंगाला छान, कारण ते स्वतःचा आकार आणतं. चकाकणारी सॅटिन मात्र कुणालाही सांभाळून. प्रत्येक उंचवट्यावर उजेड पडून तो मोजून दाखवते. गडद आणि मंद कापडावर सावल्या दिसत नाहीत, म्हणूनच काळ्यात माणूस बारीक वाटतं.

परकराकडं दुर्लक्ष करू नका. जाड नाडी, कंबरेला चुण्यांचा पुंजका आणि वर निऱ्या, एवढ्यात पोटावर दीड-दोन इंच कापडच बसतं. कंबरेला सपाट पट्टी आणि खाली कळ्या असलेला परकर शिवून घ्या. सीट रुंद असेल तर निऱ्या अरुंद घाला, इस्त्रीसारख्या दाबून आतून पिन लावा, पाच-सहा पुरे. बारीक अंगाला निऱ्या जास्त आणि जरा सैल. पदर एकेरी सोडला तर पोटावरून तिरकी रेघ जाते आणि ती मदत करते, पण दंड दाखवायचे नसतील तरच सोडा. चापूनचोपून पिन लावलेला बारीक पदर भारी छातीला उघडं पाडतो. तिथं पदराची पहिली घडी छाती पूर्ण झाकेल एवढी रुंद ठेवा.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या बायका सुरुवातीला काही बोलत नाहीत, नुसतं ब्लाऊजपीस पुढं करतात. ब्लाऊजच्या आत सुती अस्तराचा खिसा करून देता येतो, त्यात पॅड घट्ट बसतो आणि हलत नाही. मुंढा थोडा वर आणि सैल, कापड मऊ, हूक पुढं. एवढं आपणहून सांगा, शिवणारीला नीट समजतं.

ऑनलाईन घेताना

लेबलवरचं एल, एक्सएल विसरा. एका कंपनीचं एल दुसरीच्या एक्सएलएवढं असतं. आपल्याकडचा सर्वांत चांगला बसणारा कुर्ता गादीवर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट करा, तसंच सीटचं आणि पूर्ण लांबीचं. मग चार्टमध्ये अंगाचं माप दिलंय की कपड्याचं, ते वाचा. कपड्याचं असेल तर ते तुमच्या छातीपेक्षा तीन-चार इंच जास्तच हवं, नाहीतर हात वर होणार नाही. अंगाचं असेल तर थेट जुळवा. दोन आकारांच्या मध्ये अडकलात तर खांद्याला बसतो तो घ्या. कंबर मी अर्ध्या तासात कमी करून देते, लांबी पंधरा मिनिटांत. खांदा कमी करायचा म्हणजे बाही सोडवून मुंढा पुन्हा बेतायचा, त्याला नव्या कुर्त्याच्या शिलाईएवढे पैसे लागतात.

घरी आला की लेबल न तोडता घाला आणि जमिनीवर मांडी घालून बसा. मग वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर करा. पोटावर आडव्या सुरकुत्या आल्या तर घट्ट. खांद्यापासून काखेकडं तिरक्या आल्या तर मुंढा लहान. पाठीकडून कुर्ता वर उचलला जात असेल आणि वय साठीच्या पुढं असेल, तर पाठीला थोडा बाक आलाय. पाठीची लांबी अर्धा-पाऊण इंच वाढवून शिवून घ्या, गळा मागं ओढणं थांबतं.

माझ्याकडं ट्रायलला येताना कार्यक्रमात घालायची चप्पल सोबत आणा. दर वेळी सांगते, दर वेळी बायका अनवाणी उभ्या राहतात आणि मला म्हणतात, “दोन इंचांची हील आहे, तेवढं धरून चाला.” धरून चालत नाही हो. त्या दोन इंचांनी कड जमिनीपासून तेवढी वर उचलली जाते.